फक्त हुक राहिलेत

माझ्या तोंडून आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. ‘झालंय ताई, फक्त हुक राहिलेत.’

सेलूत कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, मी बायकांचे ब्लाउज शिवते. वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं ते देवालाच ठाऊक, आणि त्यानंही ते लक्षात ठेवलं नसावं अशी माझी आशा आहे.

खरं सांगायचं तर हुक राहिलेले नसायचेच. बहुतेक वेळा कापड पिशवीतून बाहेरसुद्धा आलेलं नसायचं. पण हुकाचं खोटं मी पारखून घेतलेलं होतं. ‘झालं नाही’ म्हटलं की बाई चिडते. ‘शिवायला घेतलंय’ म्हटलं की म्हणते, दाखव कुठवर आलंय. हुक राहिलेत म्हटलं की ती मनातल्या मनात ब्लाउज पूर्ण करते, अंगातही घालून बघते आणि ‘मग उद्या येते’ म्हणत पायऱ्या उतरते. पुष्कळ जणी तर जाताना मलाच म्हणायच्या, ‘किती काम करतीस गं, जरा दमानं घे.’ मी मान खाली घालून मशीन चालवायचे. तेवढी लाज मला होती.

खोलीत खिडकीजवळ माझी मशीन, दाराजवळ सासूबाईंची खाट. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळं त्या दिवसभर खाटेवरच. भिंतीवर जागा मिळेल तिथं खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला दोन-तीन पिशव्या. खिळे संपले तेव्हा पिशव्या खाटेखाली गेल्या, मग फ्रिजवर, मग धान्याच्या कोठीवर. लग्नसराईत आमच्या ह्यांना शर्ट शोधायचा तरी आधी चार ब्लाउजपीस बाजूला करावे लागायचे. हे जिनिंगात वजनकाट्यावर आहेत, कापसाच्या गाड्या तोलतात. माणूस शांत. एकदाच म्हणाले, “आपल्या घरात आपलं एक तरी कापड हाय का गं?”

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका सकाळी शाळेतल्या एक मॅडम आल्या. त्यांच्या भावाचं लग्न होतं, दुपारी. ब्लाउज त्यांनी सव्वा महिन्यापूर्वी टाकला होता आणि हुकाचं वाक्य माझ्याकडून पाच वेळा तरी ऐकलं होतं. त्या येऊन सासूबाईंच्या खाटेवर टेकल्या, पर्स उघडली आणि सुई, दोरा अन् हुकांची पुडी काढून मांडीवर ठेवली.

“द्या,” त्या म्हणाल्या. “हुक मी लावते. तुम्ही लय दमलेल्या असता.”

मी उठले. खिळ्यावर शोधलं, खाटेखाली शोधलं, फ्रिजवर शोधलं. शिवलेला ब्लाउज कुठंच नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी शोधत राहिले, कारण शोधणं थांबवलं की काहीतरी बोलावं लागलं असतं. शेवटी कोठीवरच्या पिशवीत कापड सापडलं. घडी तशीच. वर दुकानदाराची टाचणीसुद्धा तशीच, चिठ्ठीसकट.

मॅडमनी ते हातात घेतलं. टाचणीकडं बघितलं. सुईत ओवलेला दोरा काढला, रिळाला गुंडाळला, सगळं पर्समध्ये ठेवलं, कापडही ठेवलं आणि फक्त सासूबाईंना “येते आजी” म्हणून गेल्या.

सासूबाई म्हणाल्या, “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

त्या दिवशी मी ठरवलं, आता सुधारायचं.

सुधारायचं म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला उपाय सुचले. ह्यांनी जिनिंगातून एक जाडजूड डायरी आणून दिली. म्हणाले, प्रत्येकीची तारीख लिहून ठेवत जा. मी लिहिल्या, तांबड्या पेनानं. त्यानं एवढंच झालं की आधी मी अंदाजानं चुकत होते, ती आता तारीखवार चुकायला लागले. पूर्वी बाई दारात आली की मला आठवायचंच नाही, तिला कधीचं सांगितलंय. आता आठवायचं, आणि मान आणखी खाली जायची. महिनाभरानं ती डायरी मी मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. तिथं ती चांगली बसली.

मग मशीनला मोटर बसवली. पायानं चालवायची मशीन विजेवर धावायला लागली की काम दुप्पट होणार, असा आमचा दोघांचा विचार. काम खरंच दुप्पट झालं. पण मोटर बसवल्याची बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली, मग स्टेशनपर्यंत गेली. ‘आता काय बाई, आता तर तुझी मशीन विमानासारखी पळती’ असं म्हणत ज्या बायका दुसरीकडं टाकायच्या त्याही माझ्याकडं आल्या. मी सगळ्यांना हो म्हटलं. विमान होतं ना. दिवाळीपर्यंत फ्रिजवरच्या पिशव्या छताला टेकल्या.

मग पाटी लावली. ‘कृपया घाई करू नये.’ सासूबाईंनी तिच्या खिळ्याला आपली औषधांची पिशवी अडकवली, त्यामुळं ‘कृपया’ आणि ‘नये’ एवढंच दिसायचं.

शेवटी मी देवाला मध्ये घातलं. चतुर्थीला देवघरासमोर हात जोडले आणि शपथ घेतली की गिऱ्हाइकाशी आजपासून खोटं बोलणार नाही. एक आख्खा दिवस मी खरं बोलले. ‘झालं नाही ताई, घेतलंच नाही अजून.’ संध्याकाळपर्यंत सहा बायकांनी मला सहा तऱ्हांनी ऐकवलं, आणि एकीनं तर आपल्याबरोबर जावेचंही कापड परत नेलं. शपथ मोडायची तर देवाची भीती, पाळायची तर बायकांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या पिशव्या खाली काढल्या, कात्री घेतली आणि एकेका कापडाच्या कोपऱ्याला नखाएवढा काप द्यायला सुरुवात केली. सासूबाई खाटेवरून बघत होत्या.

“हे काय करायलीस?”

“व्रत पाळायलेय, आत्याबाई.”

“म्हंजे?”

“म्हंजे आता कुणी विचारलं तर मी म्हणणार, कापून झालंय. आणि ते खरं हाय.”

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “देव बी म्हणत असंल, ही मला शिलाई शिकवायली.” पण त्यांनी अडवलं नाही. उलट जी दोन कापडं माझ्या हातून सुटली होती, ती त्यांनीच खाटेखालून ओढून दिली.

दोन-अडीच महिने मी अशी खरं बोलत होते.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी मावशी आल्या. म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. देवगाव फाट्याच्या पलीकडं, चारठाण्याच्या अंगाला त्यांचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन, आणि बाकी सगळा भरवसा शेळ्या-मेंढरांवर. सेलूला त्या दोन महिन्यांतून एकदा यायच्या, कारण यायचं म्हटलं की शेळ्या जावेच्या गळ्यात घालाव्या लागायच्या आणि त्यावरून जाव लय बोलणी ऐकवायची. त्यांनी ब्लाउजचं कापड मागच्याच्या मागच्या खेपेला टाकलं होतं. मागच्या खेपेला एकदा विचारून गेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पोरीची सोयरीक बघायला पाहुणे येणार होते.

“झालं का गं माय?”

“कापून झालंय मावशी.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मग शीव. माझी गाडी संध्याकाळची हाय. बसते.” आणि चप्पल दाराशी काढून त्या सासूबाईंच्या खाटेला टेकून खाली बसल्याच.

असं माझ्या हाताकडं बघत कुणी बसलेलं मला चालायचं नाही, पण उठ म्हणायचं कसं. मी त्यांचं कापड काढलं आणि शिवायला घेतलं. सासूबाई खूश झाल्या. दोघींच्या गुडघ्यांच्या, सुनांच्या आणि शेळ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. मधून मधून बायका येत होत्या. लग्नाचा सीझन. कुणी दोन पीस टाकून गेली, कुणी तीन, कुणी पाच. मी मशीन थांबवायचे, माप घ्यायचे, पिशवीवर नाव टाकायचे, तारीख सांगायचे, पुन्हा मशीनवर बसायचे.

दुपारी मावशींनी फडक्यातली भाकरी काढली, सासूबाईंना अर्धी दिली आणि खाता खाता मला म्हणाल्या, “सकाळधरनं नऊ बाया आल्या.”

“आल्या असतील.”

“असतील न्हाई. नऊ. मी शेळ्या मोजती, माझी चूक व्हायची न्हाई. नऊच्या नऊ जणींना तू हो म्हणलीस. सगळ्यांना पंधरा दिवसांचं बोललीस.”

“म्हणावं लागतं मावशी. गिऱ्हाईक हाय.”

“आन् माझ्या एकटीचं शिवायला तुला दुपार झाली, अजून बाह्या राह्यल्यात.” त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. “मग त्या नऊतल्या किती जणींचं होणार पंधरा दिवसांत? ह्या भिंतीवरल्या तर आदीच्याच हायत.”

मी म्हटलं, “बघते जमवून. पण मी खोटं बोलत न्हाई आता. देवाची शपथ घेतलीय.”

इथं सासूबाईंनी मला दगा दिला. त्यांनी हात लांब करून भिंतीवरची एक पिशवी ओढली, कापड काढलं आणि कोपऱ्याचा काप मावशींना दाखवला. सगळी हकीकत सांगितली. मावशींनी कापड डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं काप चाचपला.

“आमी शेळ्यांचे कान असे कातरतो,” त्या म्हणाल्या. “कुणाची कोणती ते कळावं म्हणून.” मग कापडाची नीट घडी घालून परत दिलं. “माय, तुला वाटायलंय तू बाई परत आली का खोटं बोलतीस. तसं न्हाई. खोटं तर कापड घ्यायच्या टायमालाच बोलून झालं. नंतर बोलतीस ते त्याचं करडू हाय. करडांच्या मागं किती पळशील?”

मशीन माझ्या पायाखाली आपोआप थांबली. म्हणजे मीच थांबवली असणार.

“तुला न्हाई म्हणता येत न्हाई का गं?” मावशींनी विचारलं. चिडून नाही, एखादीला पोहता येत नाही का विचारावं तसं.

“येतं की.”

“म्हण बरं.”

“न्हाई.”

“आता मी गिऱ्हाईक.” त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं आणि माझ्यापुढं धरलं. “हे घे ताई, परवा पायजे.”

“परवा... परवा म्हंजे मावशी, परवा जरा...” मी त्या फडक्याकडं बघत होते. त्याला चटणीचा डाग होता. “बरं ठेवा, बघते जमलं तर.”

दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मलाही हसू आलं, पण ते वरवरचं होतं. हसून झाल्यावर मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, “कामून भ्यायलीस? मी काय मारनार हाय का तुला?”

मी बाह्या जोडल्या, काज केले, हुक लावले, आणि मावशी ब्लाउज पिशवीत घालून गाडीला गेल्या.

पुढचे काही दिवस मशीन चालवताना माझ्या डोक्यात तेच. कामून भ्यायलीस, कशाला घाबरतेस. आधी मी स्वतःला सांगितलं की गिऱ्हाईक तुटेल म्हणून. पण ते तर असंही तुटतच होतं. मॅडम त्यानंतर आमच्या गल्लीतून जातानासुद्धा मान वळवत नव्हत्या. मग म्हटलं, स्वभावच भिडस्त. पण भाजीवाल्याशी मी अशी भांडते की तो मला बघून ठेला पुढं नेतो. भिडस्त बाई असं करत नाही.

खरं कारण सापडलं ते सांगायला जरा अवघड जातं, कारण त्यात माझी काही शोभा नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तीन वर्षं मला कुणी ओळखत नव्हतं. मी ‘अमक्यांची सून’ होते. दारात कुणी आलं तर ते सासूबाईंसाठी, सासऱ्यांसाठी, ह्यांच्यासाठी. मग माहेराहून मशीन आली, आणि एक दिवस एक अनोळखी बाई दारात उभी राहून म्हणाली, “ब्लाउज शिवणाऱ्या ताई इथंच राहतात का?” माझ्यासाठी आलेली ती पहिली बाई. तिनं मांडव शिवायला सांगितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

तिथून जे लागलं ते लागलं. भिंतीवर पिशव्या वाढायला लागल्या तसं घरी आलेलं माणूस मान वर करून बघायचं आणि म्हणायचं, “लय काम हाय गं तुझ्याकडं.” मी चेहरा सुकवून म्हणायचे, “मरायला फुरसत न्हाई बघा.” आतून मात्र पुरणपोळी खाल्ल्यासारखं व्हायचं. आणि हुकाचं वाक्य? त्या वाक्यामुळं प्रत्येक बाई माझ्या दारात चार-चार वेळा यायची. डॉक्टरच्या दारातही कुणी एका दुखण्यासाठी चार वेळा जात नाही. माझी वाट बघत बाया खाटेवर बसायच्या, माझ्याकडं आशेनं बघायच्या. मी उशीर करत होते म्हणून त्या येत होत्या हे जितकं खरं, तितकंच त्या याव्यात म्हणून मी उशीर करत होते हेही खरं असावं. डायरीनं आणि मोटरीनं हे कसं बरं होणार? मोटरीला काय माहीत, ही बाई आतून काय खातेय.

कळलं म्हणून जमलं असं मात्र नाही. मी ह्यांना म्हटलं, माझ्याकडून नाही म्हणायचा सराव करून घ्या. ह्यांनी स्वयंपाकघरात डोक्यावर टॉवेल घेतला, आपला एक जुना शर्ट हातात धरला आणि अशा लाडिक आवाजात “अगं बाई, एवढं एकच घे की, तुझ्यासारखी कॉलर साऱ्या सेलूत कुणाला जमत न्हाई” म्हणाले की मी विरघळले. दुसऱ्या दिवशी त्या शर्टाची कॉलर मी उलटवून दिली. तो शर्ट त्यांनी अजून वापरात ठेवलाय. माझा संशय आहे की त्यांना कॉलरच उलटवून हवी होती.

पहिलं खरं ‘नाही’ मी म्हटलं ते नव्या वसाहतीतल्या एका बाईंना. नवरा बँकेत, साड्या भारी, हातात तीन पीस. मी मशीनवरून उठलेच नाही, उठले असते तर माप घेतलं असतं. खिडकीबाहेर बघत म्हटलं, “ताई, महिनाभर जमणार नाही. हातात लय काम हाय.”

आता ती काय म्हणते, चिडते, रडते, गयावया करते, सगळ्याची मी तयारी केली होती.

“बरं,” ती म्हणाली. “मग स्टेशनरोडच्या ताईंकडं देते.” सासूबाईंना गुडघ्यांना कोणतं तेल लावता ते विचारलं, आणि गेली.

बस्स एवढंच. वीस-बावीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. हलकं वाटायला हवं होतं. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. एकदा तरी आग्रह करायचा की नाही बाईनं? मी उठून दारात गेले. ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

“अहो ताई,” मी हाक मारली. ती वळली.

“त्या बाई बाही घट्ट करतात. आधीच सांगून ठेवा.”

आत आले तर सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, “काय? खरंच बोलले.”

मग हळूहळू जमत गेलं. ह्यांनी पकडीनं भिंतीवरचे खिळे उपटले आणि दहाच ठेवले. दहा खिळे, दहा पिशव्या. खिळा मोकळा असेल तर कापड घ्यायचं, नसेल तर नाही. हाच उपाय आधी केला असता तर मी एका खिळ्याला चार पिशव्या टांगल्या असत्या. पहिल्या आठवड्यात दोन टांगल्याही. तिसरी टांगताना माझं मलाच कळलं की मला या बाईचं कापड नकोय, भिंत भरलेली हवीय. दोन पिशव्या मी तशाच हातात घेऊन ज्यांच्या त्यांच्या घरी देऊन आले आणि सांगितलं, माझ्याकडून होणार नाही. त्यातल्या एकीनं मला चहा पाजला.

साठलेलं काम उरकत चार महिन्यांत आमच्या घरात फ्रिजचं वरचं अंग दिसायला लागलं. कोठीतून धान्य काढायला पिशव्या उतरवाव्या लागेनात. तारखेला ब्लाउज तयार असायचा. एका बाईला तर मी दोन दिवस आधी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “इतक्या लवकर? दुसरीचं तर न्हाई ना देऊन टाकायलीस मला?” बायका आता दोनदाच यायच्या, एकदा टाकायला, एकदा न्यायला. दुपारी मला तासभर रिकामा मिळायला लागला, आणि त्या तासाचं काय करायचं ते कळायचं नाही. पहिले काही दिवस मी नुसती मोकळ्या खिळ्यांकडं बघत बसायचे. पण हळूहळू पाठीचं दुखणं कमी झालं, आणि दारात पाऊल वाजलं की मान खाली घालायची सवय सुटली.

फक्त एक गोष्ट मला समजेना. पाच-सहा जणींचे ब्लाउज तयार होऊन टांगलेले, आणि त्या न्यायला येईनात. मी एकीला रस्त्यात गाठलं.

“अहो, ब्लाउज न्या की. आठ दिवस झाले.”

“तीनदा येऊन गेले की मी,” ती म्हणाली. “तू आत होतीस. आजी म्हणाल्या, अजून थोडं राह्यलंय, परवा ये.”

घरी येऊन मी सासूबाईंच्या समोर बसले. त्या लसूण सोलत होत्या.

“आत्याबाई, त्या ताईंचा ब्लाउज तर झाला होता.”

“झाला व्हता का? मला वाटलं राह्यलाय.”

“तुमच्या डोक्यावरच टांगलाय.”

त्यांनी लसणाची एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाल्या, “आदी कशा बाया येऊन बसायच्या. घटकाभर बोलायच्या. कुणाची सून कशी, कुणाचं पोरगं कुठं लागलं, सगळं कळायचं. आता येत्यात, पिशवी घेत्यात, जात्यात.” हातातला लसूण खाली ठेवून म्हणाल्या, “तुझ्या खोट्यावर माझा दिवस जात व्हता गं.”

मला रागावता आलं नाही. मी काय तोंडानं रागावणार होते? आणि आता मला एवढं कळत होतं की त्यांना ‘पुन्हा असं बोलू नका’ म्हणून सांगणं म्हणजे माझ्या हातात डायरी देण्यासारखंच. संध्याकाळी हे आल्यावर आम्ही दोघांनी त्यांची खाट उचलली आणि बाहेर ओट्यावर टाकली. वर जुन्या साडीचं छत बांधलं. जिनिंगचा रस्ता तिथून दिसतो. कापसाच्या गाड्या, बाजाराला जाणारी-येणारी माणसं, शाळेतल्या बाया, सगळं समोरून जातं. आठ दिवसांत तिथं दरबार भरायला लागला. आता सेलूत काय चाललंय ते आम्हाला जिनिंगातल्या लोकांच्या आधी कळतं.

मागच्या महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्या दाराचा आधार घेत घेत आत आल्या. हातात पिशवी. खोलीतले दहाही खिळे भरलेले होते.

“एवढं एकच घे,” त्या म्हणाल्या. “लय चांगली बाई हाय. आमच्या माहेराकडली निघाली. मी तिला हो म्हणलंय.”

बँकवाल्या बाईंना नाही म्हणणं सोपं होतं. ही माझी सासू होती, हातात काठी न घेता चालत आलेली, आणि चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला चांगलाच ओळखीचा होता. मी कात्री खाली ठेवली.

“आत्याबाई, न्हाई जमणार. पुढल्या महिन्यात घेते, तसं सांगा त्यांना.”

त्यांनी पिशवी पुढं धरूनच ठेवली. मी हात पुढं केला नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन परत बाहेर गेल्या. मी मशीन सुरू केली. मोटरीच्या आवाजातूनही मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

“ती घरात न्हाई,” त्या त्या बाईला सांगत होत्या.

बाई खिडकीसमोरच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. मग मी उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि तिला पुढल्या महिन्याचं मीच सांगितलं. ती हो म्हणाली, पिशवी काखेत मारली आणि सासूबाईंच्या शेजारी खाटेवर बसली. माहेराकडची होती, बोलायला पुष्कळ होतं. मी तिघींचा चहा टाकला.